सुकापूरच्या बंगल्यातला सर्व्हर

"भाऊ, तीन पंचवीसला ही फाइल गेली नाही तर माझा दुसरा मिस लागेल," सुवर्णा म्हणाली. तेव्हा दोन पन्नास झाले होते. तिच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळा त्रिकोण आला होता. त्याच्याशेजारी इंग्रजीत लिहिलं होतं, की तुमचा आयपी ॲड्रेस या नेटवर्कवर आणखी कुणीतरी वापरतंय.

"घरात अजून कुठला कॉम्प्युटर चालू आहे?"

"वर आमच्या ह्यांचा. नाइट शिफ्ट होती, आत्ता उठलेत. गाणी डाउनलोड करत बसलेत."

"आणि हे काय?" जिन्याखाली एक काळा टॉवर घरघरत होता. त्याचा मॉनिटर बंद होता.

"तो निलेशदादांचा सर्व्हर. त्याला हात लावायचा नाही."

मी हात लावला नाही. सुवर्णाच्या पीसीच्या सेटिंगमध्ये गेलो. तिथे 'आपोआप आयपी घ्या' असं होतं, ते काढलं आणि हाताने एक नंबर टाकला. दुसऱ्या कुणाला मिळण्याची शक्यता नाही असा, लांबचा, दोनशेपन्नास. बाहेरच्या रस्त्यासाठी राउटरचा नंबर टाकला. पिवळा त्रिकोण गेला. तीन वाजून आठ मिनिटांनी फाइल गेली. नंबर टाकायचं काम मात्र दोन मिनिटांचंच होतं. ही दोन मिनिटं लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं ते या दोन मिनिटांवरूनच झालं.

ही गोष्ट दोन हजार आठच्या आसपासची. नवीन पनवेलात माझा एक गाळा होता. कॉम्प्युटर दुरुस्ती, केबल टाकणं, छोट्या ऑफिसांचं नेटवर्क, अशी कामं मी करायचो. घरतांचा बंगला सुकापूरला. आजूबाजूला बिल्डिंगा उठत होत्या, त्यांच्यामधे हा दुमजली बंगला. घरतकाका रसायनीच्या एका कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज होते, नुकतेच रिटायर झालेले. थोरला निलेश, बायकोपोरांसह बंगल्यातच राहणारा, महापेच्या एका कंपनीत सिस्टीम ॲडमिन. धाकटा रुपेश उरणला बंदरात क्रेनवर. सुवर्णा ही रुपेशची बायको, माहेर पेणचं, बीएस्सी झालेली.

तिचं काम मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचं. अमेरिकेतला डॉक्टर पेशंट तपासून झाला की रेकॉर्डरवर बोलतो. तो आवाज नेटवरून इथे येतो. इथली बाई हेडफोन लावून ते ऐकते, पायाखालच्या पेडलने आवाज मागेपुढे करते, टाइप करते आणि ठरलेल्या वेळेत परत पाठवते. वेळ चुकली की 'मिस'. तीन महिन्यांच्या ट्रायलमध्ये तीन मिस झाले की काम बंद. ट्रायल पार पडली की कायम. सुवर्णाचा एक मिस आधीच झाला होता, आणि ट्रायलचे सात आठवडे उरले होते.

"दुसरीकडे मिळेल की," मी सहज म्हणालो.

"दुसरीकडे म्हणजे बाहेर," ती म्हणाली. "बाहेर जायचं नाही असं घरात ठरलंय. लग्नाच्या बोलणीतच ठरलं होतं. घरात बसून जे होईल ते. मग हे शोधलं. सहा महिन्यांचा कोर्स केला, तोही दुपारच्या बॅचला, सगळ्यांची जेवणं उरकून."

म्हणजे तिच्यासाठी ही नोकरी अनेकांतली एक नव्हती. होती ती एवढीच.

आता बिघाड काय होता ते सांगतो. नेटवर्कवरच्या प्रत्येक मशीनला एक नंबर लागतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. नंबर वाटायचं काम एकाने करायचं असतं. त्या कामाला डीएचसीपी असं नाव आहे. घरात ते काम सहसा राउटर करतो. राउटर म्हणजे टेलिफोनच्या वायरीला लागलेला, हिरवे दिवे लुकलुकणारा छोटा डबा. ऑफिसात सर्व्हर असेल तर सर्व्हर करतो. दोन्ही चालतात, पण दोघांनी एकदम करायचं नाही. दवाखान्यात दोन कंपाउंडर दोन वेगवेगळ्या गठ्ठ्यांतून टोकन वाटायला लागले, तर पाच नंबरचे दोन पेशंट तयार होतात आणि दोघंही डॉक्टरच्या दाराशी भांडतात. घरतांकडे तेच चाललं होतं. सुवर्णाला राउटरने पाच नंबर दिला होता. रुपेशला सर्व्हरनेही पाचच दिला. रुपेश उठून पीसी लावायचा आणि खाली बायकोचं नेट जायचं. नवरा झोपला की नेट उत्तम. तिने हे आपणहून ओळखलंही होतं. "हे जागे असले की चालत नाही," ती म्हणाली, तेव्हा मी हसलो होतो.

निलेशची परीक्षा जवळ आली होती, सर्व्हर सांभाळण्याच्या सर्टिफिकेटची. सरावासाठी त्याने तो टॉवर जोडला होता. घरातल्या माणसांसाठी युजर, पासवर्ड, पॉलिसी, सगळं पुस्तकाप्रमाणे. राउटरचं वाटप बंद करायचं मात्र विसरला. सिस्टीम ॲडमिन माणूस, पण हे विसरला. मी त्याला रविवारी भेटायला येतो म्हणून निरोप ठेवला.

रविवारी गेलो तेव्हा दोघं हॉलमध्ये होते. काका आरामखुर्चीत, निलेश सोफ्यावर लॅपटॉप घेऊन. रुपेश कामावर. सुवर्णा आत. मी बिघाड सांगितला आणि म्हणालो, "दोघांपैकी एकालाच ठेवायचं. माझं मत, राउटरला ठेवा. तो चोवीस तास चालू असतो. लोडशेडिंगमध्येसुद्धा तुमच्या इन्व्हर्टरवर चालतो. सर्व्हर इन्व्हर्टरवर नाही, तो लाइट गेली की पडतो."

निलेश लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, "कदम, घरात सर्व्हर असताना डीएचसीपी राउटरला कोण देतं? हे काय सायबर कॅफे आहे का?"

"तसं नाही सर. पण वहिनींचं काम टाइमचं आहे."

"सगळ्यांचंच काम टाइमचं असतं. मला सेंट्रल कंट्रोल पाहिजे. कोणतं मशीन कधी आलं, कुठला आयपी घेतला, मला एका स्क्रीनवर दिसलं पाहिजे. परीक्षेत हेच विचारतात. राउटरचं बंद कर, सर्व्हरचं राहू दे."

मी काकांकडे बघितलं. घरचा कर्ता माणूस, म्हणून बघितलं.

"आमाला त्यातला काय कळत नाय," काका म्हणाले. "मोठा बोलतोय तसा करा. त्याचा शिक्षण त्यातलाच हाय."

सुवर्णा चहा घेऊन आली. ट्रे ठेवला आणि तिथेच थांबली. तिला कुणीच विचारलं नाही. मीही नाही. जिचं काम अडलं होतं ती दोन हातांच्या अंतरावर उभी होती आणि मी तिच्याबद्दल 'वहिनींचं काम' असं तिच्या दिराशी बोलत होतो.

मग निलेशने सर्व्हरच्या स्क्रीनवर यादी उघडली. "हे काय, सुवर्णाचं मशीन माझ्या लिस्टमध्ये का दिसत नाही?"

"मी त्यांना हाताने नंबर दिलाय सर. घाईत होत्या, फाइल जायची होती. आता तो तसाच राहिला तर बरं. सर्व्हर बंद पडला तरी त्यांचं चालू राहील."

"नो नो. स्टॅटिक नको. एकाला सूट दिली की सगळं लफडं होतं. काढ ते."

काढायला नको होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं, नंतर शहाणपण आलं असं नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात निलेश म्हणाला, "बाय द वे, आमच्या ऑफिसचा एएमसीवाला बदलायचाय. साठ मशीन आहेत. तुझं नाव मी टाकलंय."

एएमसी म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं काम. माझ्यासारख्या गाळेवाल्याला साठ मशीनचं एएमसी म्हणजे लॉटरीच. मी उघडलेलं तोंड मिटलं. सुवर्णाच्या खुर्चीत बसलो आणि दोनशेपन्नास नंबर पुसून पुन्हा 'आपोआप घ्या' वर टिक केलं. ती मागे उभी राहून बघत होती. राउटरमधलं वाटप बंद केलं. सगळी मशीन सर्व्हरकडून नंबर घ्यायला लागली. निलेशच्या यादीत सगळी नावं आली. तो खूश झाला.

फाटकापर्यंत सुवर्णा आली. "आता चालेल ना भाऊ?"

"चालेल की," मी म्हणालो.

नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी तिचा फोन आला. दुसरा मिस झाला होता. पिवळा त्रिकोण नव्हता, रुपेशही कामावर होता, तरी नेट नव्हतं. मी फोनवरून तिला एक कमांड टाइप करायला लावली आणि नंबर वाचायला सांगितला. तिने वाचला, "एकशे एकोणसत्तर..."

एकशे एकोणसत्तरने सुरू होणारा नंबर म्हणजे मशीनने नाइलाजाने स्वतःच स्वतःला दिलेला. वाटणारा कुणी भेटला नाही, की विंडोज असं करतं. त्या नंबराने कुठेच जाता येत नाही. म्हणजे सर्व्हर बंद होता.

"लाइट गेलीय का?"

"नाही. पंखा चालू आहे."

मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम दुपारी गेलो आणि बसून राहिलो. पावणेदोनला काकांचं जेवण झालं. दोनच्या ठोक्याला काका उठले. चपला घातल्या, हात मागे बांधले आणि बंगल्यात राउंडला निघाले. हा त्यांचा रोजचा कार्यक्रम होता. कारखान्यात शिफ्ट बदलताना इन्चार्जने प्लांटमधून फेरी मारायची असते, बंद ठेवायचं ते बंद आहे ना ते बघायचं असतं. प्लांट सुटला, राउंड सुटला नव्हता. वरच्या खोलीतला पंखा बंद. बाथरूमचा गीझर बंद. मोटरचं बटण बघितलं. जिन्याखाली आले. ही जागा राउंडमध्ये आदल्या दिवशीच आली होती. सर्व्हरचा मॉनिटर काळा, समोर खुर्चीत कुणी नाही. काकांनी भिंतीवरचं बटण खट्‌कन खाली केलं. घरघर थांबली. काका जाऊन झोपले.

हॉलच्या दुसऱ्या कोपऱ्यात सुवर्णा हेडफोन लावून टाइप करत होती. तिच्या कानात अमेरिकेतला डॉक्टर बोलत होता. तिला काही कळलं नाही. तिच्या कॉम्प्युटरसमोर माणूस बसलेला होता, म्हणून तिचं बटण काकांनी सोडलं होतं.

नेट लगेच जात नाही, ही त्यातली आणखी एक गंमत. सर्व्हर नंबर कायमचा देत नाही, भाड्याने देतो. त्याची मुदत साधारण आठ दिवस असते. तेवढी असती तर काकांनी रोज दुपारी सर्व्हर बंद केला असता तरी कुणाला कळलं नसतं. पण निलेशने परीक्षेच्या सरावासाठी ती अर्ध्या तासावर आणली होती. नंबर सुटतात कसे, परत मिळतात कसे, ते त्याला बघायचं होतं. म्हणून दोनला बटण खाली, अडीचच्या आत सुवर्णाचा नंबर गेला. साडेसातला निलेश घरी यायचा, बटण वर करायचा. त्याला वाटायचं, लाइट गेली असेल आणि कुणीतरी खबरदारी म्हणून बटण खाली केलं असेल. आमच्याकडे तेव्हा लाइट जायचीच, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं.

चार वाजता काका उठले. मी म्हणालो, "काका, ते जिन्याखालचं बटण बंद करू नका."

"का? कोण बसलेला असतो काय त्याच्यासमोर?"

"त्याच्यासमोर बसावं लागत नाही. तो आपोआप काम करतो."

"आपोआप?" काका माझ्याकडे बघून हसले. "तीस वर्सा प्लांट सांबाळला. माणूस समोर नाय आणि मशीन चालू, म्हंजे काय ते मना नको शिकवू. आग लागते तवा अशीच लागते."

मी एक स्टिकर लिहिला, 'बंद करू नये', आणि बटणाशेजारी लावला. सुवर्णाने सांगितलं, संध्याकाळी काकांनी तो नखाने काढला. भिंतीला नवीन ऑइलपेंट होता, डाग पडला असता.

निलेशला फोन केला. बाबांना सांगा किंवा मुदत आठ दिवसांची करा, एवढंच म्हणालो. सर्व्हरचा पासवर्ड त्याच्याकडेच होता, मला ते करता येत नव्हतं.

"बाबांना कोण सांगणार? तू सांगून बघितलंस ना?" तो हसला. "मुदतीचं बघतो. परीक्षा झाली की बघतो."

"परीक्षा कधी आहे?"

"दोन महिने आहेत."

सुवर्णाच्या ट्रायलचे पाच आठवडे उरले होते.

निघताना ती म्हणाली, "भाऊ, त्या दिवशी तुम्ही हाताने जो नंबर टाकला होता, तो परत टाका ना. त्यात चाललं होतं."

तिला डीएचसीपी माहीत नव्हतं. पण या घरात तिचं काम कशाने चालेल ते तिला बरोबर माहीत होतं. ती अगदी साधं मागत होती. दोन मिनिटं.

"निलेश सरांना विचारून सांगतो," मी म्हणालो.

विचारलं नाही. विचारायचं नव्हतंच. निलेशच्या ऑफिसात माझं कोटेशन टेबलावर होतं आणि त्याच्या यादीतून एक मशीन गायब झालेलं त्याला पहिल्याच दिवशी दिसलं असतं. मी मनाची समजूत काढली, की हा त्यांच्या घरातला मामला आहे, आपण बाहेरचे. बाहेरचा माणूस हे वाक्य सोयीचं असेल तेव्हाच म्हणतो. बाकी वेळी आम्ही लोक गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरापर्यंत केबल ओढतो.

त्यानंतर ती दुपारी दोनच्या आधी कामं संपवायला बघायची. पहाटे उठायची. मधे एकदोनदा काका राउंड मारून झोपल्यावर तिनेच बटण वर केलं. काकांना उठल्यावर घरघर ऐकू आली आणि घरात बोलणं झालं. कुणी फार ओरडलं नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, की बापमाणसाने बंद केलेलं सुनेने चालू करायचं, हे कुठलं वळण. मग तेही बंद झालं.

तिसरा मिस झाला तेव्हा अठरा दिवस राहिले होते.

त्या आठवड्यात सुवर्णा माझ्या गाळ्यावर आली. भाजीची पिशवी हातात होती, भाजीच्या निमित्ताने निघाली असणार. कंपनीने तिला एक संधी दिली होती. तिचं टायपिंग स्वच्छ होतं, चुका जवळजवळ नव्हत्या, म्हणून सुपरवायझरबाईंनी सांगितलं होतं, की दोष नेटचा होता आणि तो आता दूर झालाय असं टेक्निशियनचं लेखी पत्र आण, ट्रायल महिन्याने वाढवून देते.

"लेटरहेडवर पाहिजे, भाऊ. नक्की काय झालं होतं ते लिहायचं आणि दुरुस्त केलं असं लिहायचं."

नक्की काय झालं होतं? घरात बसवलेला सर्व्हर रोज दुपारी हाताने बंद केला जात होता. तो बंद असताना चालेल अशी सोय टेक्निशियनने केली होती आणि सांगण्यावरून काढून टाकली होती. हे चार ओळींत मावलं असतं. पत्राची एक कॉपी घरात राहणार, निलेश ती वाचणार, हेही मला दिसत होतं. पत्र लिहायच्या आधी मला सुकापूरला जाऊन तो नंबर परत टाकावा लागला असता, कारण 'दुरुस्त केलं' असं लिहायचं होतं.

मी लेटरहेड काढलं आणि लिहिलं, टेलिफोन लाइन मधूनमधून खंडित होत असल्यामुळे सेवेत व्यत्यय आला. आता सेवा सुरळीत आहे. खाली सही, शिक्का.

तिने वाचलं. "पण लाइन तर चालू होती ना? तुम्हीच म्हणाला होतात, राउटरचे दिवे बरोबर आहेत."

"असंच लिहितात," मी म्हणालो. "लाइनवर ढकललं की प्रश्न मिटतो. घरातल्यांची नावं कशाला आणायची?"

तिने कागद पुन्हा एकदा वाचला. मग घडी घालून पिशवीत ठेवला. भाजी भिजलेली होती, म्हणून परत काढला आणि पर्समध्ये ठेवला. "थँक्यू भाऊ," म्हणाली.

पुढचं मला रुपेशकडून कळलं. तो माउस घ्यायला आला होता. कंपनीने पत्र बघून टेलिफोन ऑफिसचा रिपोर्ट मागितला. त्यांची तशी पद्धत होती, लाइनचं कारण सगळेच सांगतात म्हणून. सुवर्णा टेलिफोन ऑफिसात दोन हेलपाटे घालून रिपोर्ट घेऊन आली. त्यात लिहिलं होतं, गेल्या दोन महिन्यांत लाइनवर एकही दोष नाही. तिने तो तसाच पाठवला. दुसरं काय पाठवणार? सुपरवायझरबाईंचं उत्तर एका ओळीचं होतं. उशीर समजू शकतो, खोटं कारण नाही.

"ती मेल दुपारीच आली होती म्हणे," रुपेश म्हणाला. "पण नेट नव्हतं. दादा आल्यावर संध्याकाळी बघितली."

मी माउस पॅक करत होतो.

"जाऊ द्या," रुपेश म्हणाला. "तिलाही दगदगच होत होती. घरातलं बघून ते सगळं..."

तो चांगला मुलगा होता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

मला लाज वाटली. हे लिहिताना वाटतेय तेवढीच तेव्हाही वाटली. त्या कंपनीचा फोन नंबर माझ्याकडे होता, सुवर्णाने पहिल्या दिवशीच दिला होता. एक फोन करून सांगता आलं असतं, की खोटं मी लिहिलं, बाईंचा दोष नाही. मी आज करू, उद्या करू म्हणत राहिलो. पुढच्या सोमवारी निलेशच्या ऑफिसातून एएमसीची ऑर्डर आली आणि मग तो फोन राहूनच गेला. राहून गेला असं म्हणायची पद्धत आहे. मी केला नाही.

निलेश परीक्षा पास झाला. पाचसहा महिन्यांनी त्याला पुण्याला चांगली नोकरी लागली आणि तो बायकोपोरांसह गेला. जाताना सर्व्हर घेऊन गेला. दुसऱ्याच दिवशी काकांचा फोन. "कदम, नेट पूर्ण बंद हाय. नातवाशी कॅमेऱ्यावर बोलायचा हाय. तुमी लगेच या."

मला जायच्या आधीच कारण माहीत होतं. वाटणारा गेला होता आणि राउटरला मीच गप्प बसवून ठेवलं होतं. गेलो. राउटरच्या पानावर एक टिक लावली, सेव्ह केलं, राउटर बंद करून चालू केला. घरातली दोन्ही मशीन चालू झाली. दिवे लुकलुकले. काकांचा नातू स्क्रीनवर आला.

काका खूश झाले. "एवढासाच काम होता? मंग हा आदीच का नाय केला?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरोखर माहीत नव्हतं.

"तेव्हा कुणी सांगितलं नाही, काका," मी म्हणालो. सवयीने तोंडून निघालं.

सुवर्णा दारात चहाचा कप घेऊन उभी होती. "मी सांगितलं होतं," ती म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता. कप माझ्यासमोर ठेवला आणि आत गेली. काका स्क्रीनवरच्या नातवाला हात हलवत होते, त्यांनी ऐकलं नाही. मी ऐकलं. चहा प्यालो, कारण न पिता उठलो असतो तर काकांनी कारण विचारलं असतं.

लोक अजून मला विचारतात, घरात आयपी वाटायचं काम राउटरला द्यावं की सर्व्हरला? उत्तर सोपं आहे. घरात राउटरलाच द्या. सर्व्हरला द्यायचंच असेल तर तो इन्व्हर्टरवर घ्या, मुदत आठ दिवसांची ठेवा, आणि ज्याचं काम वेळेचं आहे त्याच्या मशीनला हाताने नंबर टाका. मग मी आणखी एक विचारतो, नेट गेलं तर या घरात कुणाचं काम जाईल? आणि ज्याचं नाव येईल त्याला बाहेर बोलवायला सांगतो, त्याच्याशी बोलल्याशिवाय मशीनला हात लावत नाही.

ही पद्धत मला सुवर्णाच्या नोकरीच्या मोबदल्यात शिकायला मिळाली. निलेशच्या ऑफिसचं एएमसी माझ्याकडे चार वर्षं होतं. काम उत्तम झालं, एकही तक्रार नाही.